तुझ्या पाठीतली उसण

प्रिय आई,

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आहे. मंगल ठाण्याच्या हॉस्पिटलात आहे. घाबरू नकोस, तुझी धाकटी वाचली. उद्या तिला सोडणार आहेत, आणि महिनाभर मी तिला आपल्याकडे भिवंडीलाच ठेवून घेणार आहे. हॉस्पिटलातल्या सिस्टरपासून मंगलच्या नवऱ्यापर्यंत जो तो माझं कौतुक करतोय. "शैलाताई होत्या म्हणून वाचली!" आज सकाळी मंगलनंच विचारलं, "हे हृदयाचं दुखणं आहे, हे तुला गं कसं कळलं? मला स्वतःला नाही कळलं."

मी म्हटलं, "कुठल्याशा मासिकात वाचलं होतं."

खोटं बोलले, आई. मला ते तुझ्यामुळे कळलं. आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, म्हणून आधी तुलाच लिहितेय.

"माझी शैला पायाळू हाय," असं तू किती कौतुकानं सांगायचीस! जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, यात माझं कसलं कर्तृत्व? पण पाठीत उसण भरली की पायाळू माणसानं तिथं तीनदा पाय लावायचा, म्हणजे ती उतरते, हे तू आळीभर करून ठेवलंस. टेमघरपासून लोक यायचे. आळीतल्या पॉवरलूमवर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार शिफ्ट सुटली की आपल्या ओट्यावर येऊन पालथे पडायचे. "मास्टरनीजी, कमर पकड़ गई है, ज़रा पैर लगा दो." शाळेत आठवीला विज्ञान शिकवणारी मी घरी येऊन लोकांच्या पाठीला पाय लावायची! तोंडानं मी हसायचे त्या प्रकाराला. पण खरं सांगू? आवडायचं मला ते. दुसऱ्या कशात मला कुणी एवढं मोठं म्हटलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वीची ती दिवाळीची सुट्टी होती. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन मी माजघरात बसले होते. आठवडाभर तू केर काढतानासुद्धा मधेच खाली बसत होतीस. मला दिसत होतं. "वय झालं, आता कामाला बाई ठेवू या," एवढं बोलून मी मोकळी झाले.

मग एका संध्याकाळी तू दाराशी येऊन उभी राहिलीस. "शैले, पाठीत उसण भरलीय गं. दोन खांद्यांच्या मधी. आन ही दाढ पन ठणकते. काय खावंसं वाटत न्हाय."

आणि मी काय म्हणाले? "आई, दाढेचा आणि पाठीचा काय संबंध? काय ते एक ठरव बघू!"

तू हसलीस. तोंडात लवंग धरून स्वयंपाकघरात गेलीस आणि आम्हा दोघांना, मला आणि अण्णांना, गरम भाकरी वाढलीस. स्वतः जेवली नाहीस. मी विचारलंही नाही.

अण्णांच्या छातीत एकदा दुखलं होतं, आठवतं? त्यांनी छातीवर हात ठेवला मात्र, सगळी आळी धावली! कुणी रिक्षा आणली, कुणी डॉक्टरांना उठवलं, तू वज्रेश्वरी देवीला ओटी बोललीस. निघाला गॅस! आदल्या दिवशीची वाटाण्याची उसळ भोवली होती. आम्हाला तेवढीच खूण माहीत होती गं, छातीवर हात. मुलांनाही मी तेच शिकवत होते. तू एकदाही छातीवर हात ठेवला नाहीस. का नाही ठेवलास?

बघ, अजून तुझ्यावरच ढकलतेय.

दुसऱ्या दिवशी अण्णा कल्याणला गेले होते. दुपारी तू चटई अंथरून पालथी झालीस आणि म्हणालीस, "लाव बाय पाय. आता सोसत न्हाय." आईच्या पाठीला पाय कसा लावायचा म्हणून मी घुटमळले. "औषधाला पाप न्हाय लागत," तूच म्हणालीस. मी तीनदा पाय लावला. तुझं पोलकं घामानं चिंब झालं होतं. ऑक्टोबरचा उकाडा होता खरा, पण आई, तुझी पाठ गार होती. माझ्या तळव्याला ते कळलं. कळलं, आणि मी काय केलं? पायपुसण्याला पाय पुसला आणि पेपर तपासायला गेले.

"बरं वाटलं हां," असं तू मागून म्हणालीस. माझा मान राखायला म्हणालीस ना?

चार वाजता चहा घेऊन आले तेव्हा तू गेली होतीस.

डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकाराचा झटका लिहिला. विचारलं, आधी काही त्रास होत होता का? अण्णा नुकतेच आले होते, भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणाले, "नाही. काहीच नाही. झोपेतच गेली." बायका म्हणाल्या, भाग्यवान बाई, भरल्या कपाळानं गेली, कुणाकडून करून घेतलं नाही. अण्णा ते वाक्य शेवटपर्यंत सांगत राहिले. "तिनं कुणाला त्रास दिला नाही हो!" दर वेळी मी मान डोलवायची. गेल्या वर्षी तेही गेले. आता तुझ्याजवळ असतील तर तू त्यांना खरं सांगितलं असशील. की तिथंही मला पाठीशीच घातलंस?

तेव्हा मला वाटायचं, मी फक्त थोडी हयगय केली. त्यापलीकडचं चार वर्षांपूर्वी कळलं. शाळेत आम्हा शिक्षिकांसाठी एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या होत्या. म्हणाल्या, "हार्ट अटॅक आला तरी बाईच्या छातीत दुखेलच असं नाही. पाठीत दुखतं, जबडा नाहीतर मान धरते, मळमळतं, दम लागतो, थंड घाम सुटतो. आधी कित्येक दिवस उगाच थकवा येतो. आणि आपल्या बायका म्हणतात, पित्त झालं, उसण भरली, आणि पुन्हा कामाला लागतात." शेजारच्या बाई वहीत उतरवून घेत होत्या. मी खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत होते. पायाळू माणसाला म्हणे जमिनीतलं गुप्तधन दिसतं! मला चटईवरची आई दिसली नाही.

त्या दिवसापासून कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगायला लागले. तेही खोटंच. कोणी आलं तर दवाखान्यात जा म्हणायचे, पण का जा ते सांगत नव्हते. कारण ते सांगितलं असतं तर तुझं नाव निघालं असतं, आणि तुझ्यामागून माझं.

आणि मंगलला? मंगलला तर आधी सांगायला हवं होतं! तुझ्याच पोटची ती, तुझ्यासारखीच अंगावर काढणारी. चार वर्षांत ती किती वेळा आली, आम्ही पापड लाटले, तुझी आठवण काढली. प्रत्येक वेळी जिभेवर आलं आणि मी गिळलं.

मग दहा दिवसांपूर्वी ती वज्रेश्वरीच्या सासरहून एसटीनं आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. उंबऱ्यातच बसली. "शैला, तुझ्या गुडघ्याचं राहू दे, आधी पाय लाव बाई. पाठ धरलीय नुसती."

मी विचारलं, "दाढ दुखते?"

"अगं, चार दिवस लवंग धरून बसलेय! तुला कसं माहीत?"

चार दिवस, आई! मी वेळेवर बोलले असते तर ती पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे गेली असती. मी पिशवी तिथंच टाकून रिक्षा बोलावली. ती रिक्षात भांडत होती, दवाखान्यातही भांडत होती. "पाठ दुखतेय, तर छातीला वायरी कशाला लावता?" कार्डिओग्रामचा कागद बघून डॉक्टरांनी तिला तिथूनच ठाण्याला पाठवलं. मला म्हणाले, "बाई, वेळेवर आणलंत." तेव्हापासून जो तो माझी पाठ थोपटतोय, आणि मला तोंड लपवायला जागा सापडत नाही.

डॉक्टर म्हणाले, पेशंटच्या मनावर ताण नको. किती सोयीचं वाक्य आहे! ऐकताक्षणी मला हायसं वाटलं, म्हणजे आणखी वर्षभर गप्प बसायला हरकत नाही. त्या हायसं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

म्हणून तुला शब्द देते. ती जरा हिंडूफिरू लागली की, वज्रेश्वरीला परत जायच्या आधी, मी मंगलला सगळं सांगेन. दाढेचं, भाकरीचं, गार पाठीचं. तिच्या मुलीलाही समोर बसवेन. आळीतल्या बायकांनाही सांगेन, तुझं नाव घेऊन आणि माझंही घेऊन. मंगल माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

ती एक प्रश्न विचारेलच, मला ठाऊक आहे. "आईनं नंतर हाक मारली होती का गं?" नऊ वर्षं मी सांगत आले की लूमच्या खडखडाटात काही ऐकू आलं नाही. सगळ्यांना ते पटलं. भिवंडीत कुणाला नाही पटणार? त्या दिवशीचा वार कुणी आठवून पाहिला नाही.

शुक्रवार होता, आई, लूमच्या सुट्टीचा वार. सगळे लूम बंद होते. तू "शैले" म्हणालीस ते मला नीट ऐकू आलं. मी मनात म्हटलं, एवढे पाच पेपर होऊ देत.

हे मी तिला सांगेन.

तुझी,
शैला