सुट्टीला जोडून

आप्पा, आज सव्वीस जानेवारी आहे. पोरीच्या शाळेतलं झेंडावंदन उरकून आत्ताच घरी आले. शिरूरच्या पेठेत जिकडंतिकडं जिलबीच्या कढया लागल्यात आणि माणसं पुडे घेऊन घराकडं निघालीत. तुम्हीही तसेच यायचा. दौंडच्या रेल्वे कॉलनीत झेंडावंदन झालं की तिथूनच परस्पर हलवायाकडं, आणि मग दारातून हाक, "च्या टाका गं, गरम हाय तवर खाऊन घ्या."

भूजच्या भूकंपाच्या वर्षीही तसंच झालं. ताई तेव्हा तिकडं कच्छात, दाजींच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. पहिलं बाळंतपण, माहेरी यायची होती. आई म्हणत होती, संक्रांतीलाच आणू. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलंत. सव्वीस तारखेला शुक्रवार, पुढं शनिवार-रविवार. "सुट्टीला जोडूनच येऊ द्या की जावयास्नी. उगा रजा कशाला घालवायची? बाळंतपणाला लागंल ती." ताई फोनवर हसली, "व्हय आप्पा, शुक्रवारी संध्याकाळी बसतो गाडीत."

त्या शुक्रवारी सकाळी आपण स्वयंपाकघरात जिलबी खात बसलोय आणि फळीवरची भांडी वाजायला लागतात. आई म्हणते, "हे काय हो?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "मालगाडी हाय. खा." तुम्ही लायनीवरचे गँगमन, आणि आपली कॉलनी जंक्शनची. भांडी वाजली म्हणजे गाडी, दुसरं काय असणार? मीही बोटं चाटत आणखी एक घेतली. दुपारी शेजारच्या टीव्हीवर बातमी आली. दाजी झेंडावंदनाला मैदानात होते म्हणून वाचले. ताई घरात पिशवी भरत होती.

तुम्ही जाऊन आलात. तिकडं काय पाहिलंत ते ना आईला सांगितलंत, ना मला. पुढं एका पंधरा ऑगस्टला मी मुद्दाम पुडा आणला, तर एवढंच म्हणालात, "उचल ते." आणि भांडी वाजली की हातातला घास ठेवून बाहेर जायचा, खरंच गाडी हाय का बघायला. शेवटचा डबा दिसेनासा होईस्तोवर तिथंच उभे. तेव्हा मला तुमचा राग यायचा. आता आठवलं की रडूच येतं.

आप्पा, रांजणगावच्या आमच्या कंपनीत नवीन कॅलेंडर लागलं की सगळी लाईन आधी सुट्ट्या कुठं जोडून येतात ते बघते. मीही बघते. तुम्ही काही जगावेगळं केलं नव्हतं हो. कुणाचाही बाप हेच म्हणाला असता. हे सांगायला मी दोनदा तुमच्याजवळ येऊन बसले, आणि दोन्ही वेळा तुम्ही उठून गेलात. मग तुम्ही कायमचेच गेलात.

शिरूरला रेल्वे नाही. इथं घर घेतलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, कंपनीची बस दारात येते म्हणून. इथं भांडी गप्प असतात.

हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन, दुसरीकडं कुठं पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं. मघाशी पोरीनं शाळेतली जिलबी माझ्यासाठी रुमालात गुंडाळून आणली होती. नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिनं घातलीच तोंडात. ताईनंतर पहिल्यांदाच. आप्पा, गोड लागली. मी आणखी एक मागून घेतली.