चंद्रावरून दिसलेली होडी

२४ डिसेंबर १९६८
तीन माणसं चंद्राला फेऱ्या घालतायत आणि इथे उत्तनमध्ये माझा भाव वधारलाय! उद्या नाताळच्या सकाळी ते तिथून रेडिओवर बोलणार. रेडिओवाले कॅजिटनकाका म्हणाले, "बाई, तुमी शाळंत इंग्लिश शिकवता. आमाला मराठीत सांगायचं." मी ऐटीत हो म्हटलं.

२५ डिसेंबर
हे काय करून बसले मी!
सकाळी आठला काकांच्या अंगणात सगळी वाडी जमली. रेडिओची नुसती खरखर, त्यात ते अमेरिकन उच्चार — एक 'ख्रिसमस' सोडला तर अक्षर कळेल तर शपथ! पण सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. दिलं ठोकून — शुभेच्छा देतायत, पृथ्वी छान दिसते म्हणतायत.
तेवढ्यात ग्रेसीमावशीनं विचारलं, "दर्या दिसतो का त्यांना? होड्या?"
तिचा मुलगा रुडॉल्फ सप्टेंबरात मासेमारीला गेला तो परतलाच नाही. बरोबरच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं नाही. त्याची बायको व्हेरा तिथेच उभी होती, हाडं वर आलेली.
"दिसतात ना," मी म्हटलं. "लांब एक होडी आहे म्हणाले. आत माणूस आहे."
का बोलले? कुणी सांगितलं होतं!

२७ डिसेंबर
उद्या चर्चमध्ये रुडॉल्फच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मिसेची प्रार्थना ठरली होती. मावशीनं रद्द केली. "जित्याची मिसा कशी सांगू?" म्हणाली म्हणे.


३० डिसेंबर
पेपरात आलंय. त्या तिघांनी बायबलातला सृष्टीच्या आरंभाचा उतारा वाचला आणि सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. बस्स. तिथून अख्खी पृथ्वी अंगठ्याआड झाकते. आणि मला होडीतला माणूस दिसला!

४ जानेवारी १९६९
शेवटी गेले. मावशी एकटीच बोंबील वाळत घालत होती. सगळं सांगितलं, पाय धरले.
"ठावं हाय," ती म्हणाली. "फादरनी तवाच सांगलं. पन त्या दुपारी व्हेरा पोटभर जेवली — तीन महिन्यांनी. आता गप ऱ्हावा."
तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च
व्हेरा रोज संध्याकाळी खडकावर जाऊन दर्याकडे बघत उभी राहते. मी शाळेतून मागच्या वाटेनं घरी येते. माझ्यासारखी भित्री मीच.

२१ जुलै
माणूस चंद्रावर उतरला. काकांकडे परत सगळी वाडी, परत मला बोलावणं. पोट दुखतंय म्हणून कळवलं.
व्हेरा स्वतः न्यायला आली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "बाई, चला. आज सांगा — दर्या रिकामा हाय, होडी न्हाय कुठं. सासूनं माझ्यासाठी मिसा थांबवलीय आन् मी तिच्यासाठी खडकावर जाते. तिला एकदा रडू द्या."