मधलं बटण

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही पत्र फाडून टाकलं नाहीस, तेवढंही मला पुष्कळ आहे.

तुझं ते जुन्या कार्टूनमधलं कोटवालं गाढव आठवतं? तीन बटणांचं? सध्या त्याला भलताच भाव आलाय. तरुण पोरांसाठी कपडे बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला हुडीवर छापायचं ठरवलं आणि काम आमच्याच छपाईखान्यात आलं. ज्याला इतकी वर्षं कुत्रंही विचारत नव्हतं, त्याच्यासाठी आता दुकानाबाहेर रांगा लागणार म्हणे.

तू सात वर्षांची असताना मी त्याचा बाद झालेला टी-शर्ट घरी आणला होता. छपाईची जाळी तुंबून मधलं बटण उमटलंच नव्हतं. मी ओशाळले होते, पण तू ठणकावून सांगितलंस, की त्याने ते बटण हरवलेल्या कुणाला तरी देऊन टाकलंय. पोट उघडं पडायला लागलं तरी तू तो टी-शर्ट सोडला नाहीस.

आता जाळी तपासायचं काम माझ्याकडे असतं. या खेपेलाही तेच बटण तुंबलं होतं. पहिला नमुना समोर आला, मी बघितला, मला तो अगदी बरोबर वाटला आणि मी सही केली. वीस वर्षं याच कामात घालवून! चारशे हुड्या छापून झाल्यावर कंपनीच्या माणसाने बटणं मोजली. बाद माल बाजारात जाऊ नये म्हणून चित्राच्या तोंडावरून कात्री फिरवायची, असा करार असतो. चूक माझी, म्हणून कात्रीही मीच मागून घेतली.

कापताना तुझी बाबांकडे जायची सकाळ डोळ्यांपुढून हलेना. अकरा वर्षांची तू, कुणाकडे राहू म्हणून मलाच विचारत होतीस. तिथे तुला स्वतःची खोली मिळेल, शाळा जवळ पडेल, असं मी घडाघडा सांगत सुटले. राहा, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. आईला मी नकोय, असं तुला वाटलं. तू मला हवी होतीस गं. फार हवी होतीस.

मी रडतेय हे बघून मॅनेजर म्हणाले, एक घेऊन जा, मी काही बघितलं नाही. मी ढिगांपुढे उभी राहिले. लहान, मध्यम, मोठं. पुढे केलेला हात तसाच राहिला. सहा वर्षांत तू केवढी झालीस, मला माहीतच नाही. प्रत्येक मापाची एकेक बाजूला ठेवली आहे. महिनाअखेरीला एक सोडून बाकीच्या कापायच्या आहेत. हवं तर तू येऊ नकोस, राग सोडूही नकोस, पण एका ओळीत तुझं माप तेवढं कळव.

तुझीच,
आई