चवीचा रकाना

सौ. शेवंती हिस, भाईंदरहून आठवणीने लिहितो.

सागवानी कपाट एक, बाटल्यांचे कप्पे बेचाळीस, सरकती दारं चार. खिळा एकही नाही. वरसाव्याच्या हॉटेलातलं हे काम कुणाकडे न शिकता मी माझ्या हातांनी केलं. तब्येत ठीक आहे.

काल तिथे सिंगल माल्ट व्हिस्की चाखून गुण द्यायला मंडळी जमली होती. मालक जिग्नेशशेठ म्हणाले, "हरिभाऊ, आप लकडी सूंघके पहचानते हो, इसको भी नंबर दो." ग्लास हातातच दिला.

हुंगलं, तर आपल्या चुलीवरचा माळा! धूर, सुकट, वर थोडं टिंक्चर. तिकडे विलायतेत ही दारू करायला दलदलीची माती जाळून त्या धुरावर सातू वाळवतात म्हणे. एवढी महाग वस्तू, आणि वास आपल्या माळ्याचा कसा, हे मला अजून उमगत नाही.

वासाला नऊ गुण दिले. चवीचा रकाना कोरा ठेवला. सात वर्षांपूर्वी तुला दिलेला शब्द पाळला, असं मी धरतोय. पण हुंगलेलं चालतं का? रात्रभर मिशीला वास होता. तूच सांग.

आईचा गुडघा कसा आहे? माळ्यावर तू चढू नकोस.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. दर शनिवारी चाखून गुण द्यायला या, असं शेठ म्हणाले. मी नाही म्हटलं. महिन्याचे पंचवीस हजार देत होते.