इथलं लायसन्स

प्रिय दादा,

साठी उलटल्यावर मी लेकीकडे परदेशात निघाले, तेव्हा तू म्हणालास, "तिथे प्रत्येक गोष्टीला जावयाच्या तोंडाकडे बघत बसशील."

आज आपल्याकडचं लायसन्स जमा करून इथलं घेतलं. खिडकीतल्या बाईंनी जुना फोटो पाहून विचारलं, "ह्या तुम्हीच?"

"मीच. वेणी तेवढी गेली."

बाहेर रात्रपाळी करून आलेल्या जावईबापूंनी किल्ली माझ्याच हातात ठेवली. पहिल्या चौकात माझी घाबरगुंडी उडाली. विचारायला शेजारी वळले, तर स्वारी गाढ झोपलेली! मग मीच हळूहळू गाडी घरी आणली.

हे पत्र टाकणार नाही. तुला टोमणा वाटेल, आणि मला तर नुसतं सांगायचं होतं रे.

तुझी,
धाकटी