चार चाकांचं माहेर

१० जानेवारी
आजपासून ही व्हॅन म्हंजे माझं घर. पाटल्या मोडल्या आन घेतली. शिरूरकडच्या भागवत मुकादमाची व्हती, ऊसतोडीला टोळ्या पुरवतो तो. जुनी हाय, पन इंजिन खनखनीत. माझे मालक वारल्यापासून दीर-जाऊ रोज खोली रिकामी कर म्हनत व्हते. केली बाबांनो. बसा आता पाय पसरून! गाडी मला येती. मालकाची काळीपिवळी जीप निम्म्या येळा मीच चालवायचे, ते प्यायलेले असले की.
मागची बाकडी काढून फळी टाकली. इकडं वळकटी, तिकडं शेगडी आन गॅसची टाकी. कढई दाराला टांगली. जिथं बाजार तिथं भजी तळायची, तिथंच झोपायचं. भाचीनं, संस्कृतीनं ही वही दिली. म्हनली, छबुआत्या, फिरतीवरचं लिहीत जा. चौथीच शिकले, पन लिहीन. आज बीडात मुक्काम. कुनाची कटकट न्हाई. लई भारी वाटतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. कपिलधारच्या रस्त्याला थांबले. झाडताना पुढच्या सीटखाली हिरव्या बांगडीचे तुकडे सापडले, काळे पडलेले. कुन्या तरी सवाष्णीचे. सनाच्या दिवशी फेकवंनात. मला रांडाव बाईला कोन बोलावतंय हळदीकुंकवाला? मग मीच त्या तुकड्यांची ओटी भरली. सीटवर खन ठिवला, गहू, नारळ, तिळाचा लाडू. म्हनले, कोन असशील ती बाई, आजपासून हे तुझं माहेर. माझं मलाच हसू आलं.

१५ जानेवारी
गाडी लावली तव्हा तोंड बीडकडं व्हतं. सकाळी बघते तर शिरूरकडं. ब्रेक वढलेला तसाच. सीटवरचा खन गेला, गहू गेले, नारळ गेला. चोर असता तर टाकी नेली असती, खन कावून नेईल?
जळका वास येतोय. कढई तीनदा घासली. तेलाचा न्हाई वास. केसांचा हाय.

१७ जानेवारी
बाजारात एक पोरगी भजी घ्यायला आली. म्हनली, मावशी, तुमची लेक गाडीत पुढं तोंडावर पदर घेऊन बसली, तिला बी द्या की दोन. मला लेक न्हाई, म्हनले. ती हसली, म्हनली, मग सून कोंडून ठिवली का?
शेजारी शिरूरकडचा धुळाजी घोंगड्या विकीत व्हता. त्यानं ऐकलं, गाडी बघितली, आन त्याच्या हातातली भजी खाली पडली. मग त्यानं सांगितलं. भागवतची बायको बबिता. नवऱ्यानं आन सासूनं पेटवली. गाव जमा झालं म्हनून दवाखान्यात नेतो म्हनत ह्याच गाडीत पुढं बसवली. आन गाडी माळावर नेऊन उभी केली, तिचा जीव जाईपर्यंत. धुळाजीचा भाऊ मेंढरं चारीत व्हता, त्यानं आतून दार वाजताना ऐकलं. तो बी भिऊन पळाला.
तिचा बाप आश्रुबा, त्यानं मिटवून घेतलं. धुळाजी म्हनला, अशी पोरगी माहेरची मानसं सासरच्या दारातच जाळत्यात, उंबऱ्याला डाग ऱ्हावा म्हनून. हिला गुपचूप शेतात जाळली. हिचं माहेर आलंच न्हाई.
माहेर कोन झालंय ते मला ठाव हाय.

१८ जानेवारी
भागवतला फोन लावला, बबिताचं इचारलं. म्हनला, मावशे, भजी तळ गप. गाडीसंगं सून फुकट दिली समज. आन हसला. कुत्रं.
धुळाजीकडून नंबर घेऊन आश्रुबाला लावला. म्हनला, पोरगी गेली, आता आमाला तरी जगू द्या. थू! ह्याला बाप म्हनायचं?
फोन ठिवला तव्हा पुढच्या सीटवर कोनतरी हुंदके देत व्हतं. मी दिवसाढवळ्या ऐकलं.

१९ जानेवारी
परळीकडं पळून जावं म्हनलं. इंजिन बंद. शिरूरकडं तोंड केलं की चालू. पुन्हा वळवली, पुन्हा बंद. सीट तव्यावानी तापलेली. गुडघ्यावर हात पडला. चटका. पाच बोटं उठलीत.
मी वरडले, उतर बाई, माझं येवढंच घर हाय, हे गेलं तर दिराच्या दारात उभी ऱ्हाईन मी. ती रडायचीच थांबली. ते जास्त वाईट.
भरलेली ओटी परत कशी घ्यायची —

२० जानेवारी
झोप न्हाई. त्याचं हसू कानात. सून फुकट दिली.
दुपारी तिला म्हनले, चल. घर गेलं तर गेलं. माहेर आलंय म्हनून सांगू त्यांना.
जळका वास गेला. तिळाच्या लाडवाचा वास आला.

२१ जानेवारी, दुपार
गाव उसाला गेलंय, घराघराला कुलपं. भागवतचाच वाडा उघडा. गाडी त्याच्या उंबऱ्याला टेकवली. म्हातारी सासू बाहेर आली, पुढच्या काचंत बघितलं, आन खालीच बसली.
टाकीची नळी काढली. मागून उतरनार, काडी टाकनार, येवढंच ठरलं व्हतं —

भागवत आला शिव्या देत. गाडी काढतो म्हनून पुढं चढला. चावीला हात घातला —
त्याचा हात निघंना. दार उघडंना. बबे, सोड, म्हनतोय. बबे, चुकलं. आता म्हनतोय. दार वाजवतोय. वाजव. तिनं बी वाजवलं व्हतं —

गॅस नाकात —

मागचं दार आपसूक उघडलं. पाठीला हात, ह्या बारीला थंडगार. मला ढकलतीय. जा म्हनतीय. लेकीची माया —
न्हाई बाई. तुझा बाप असाच निघून गेलता.
चितेला अग्नी माहेरच्या मानसानं द्यायचा. काडीपेटी माझ्या हातात हाय. सरक थोडी, मी तुझ्याजवळ बस