एकवीस दात

२ सप्टेंबर, सकाळी ९
बायकोचं हाताचं शिलाई मशीन कडक फिरत होतं. तिने तेल आणायला सांगितलं. तेल हा अडाण्यांचा उपाय. मी हँडल धरून एकदाच जोर लावला. आतल्या लहान गिअरचे दात तुटले. सासूबाईंच्या काळातला माल, कधीतरी तुटणारच होता. मी घरात असताना तुटला हे बायकोचं नशीब. अठ्ठावीस तारखेला मुलगी बाळंत होणार, त्याआधी झबली-दुपटी शिवून व्हायची आहेत. म्हटलं, आठ दिवसांत नवा गिअर बसवतो. बायकोने लगेच सुई-दोरा काढून ठेवला. याला विश्वास म्हणतात.

३ सप्टेंबर
पार्ट मिळत नाही. दुकानदाराने मशीनचं नाव ऐकून जांभई दिली. म्हणाला, नवं इलेक्ट्रिक घ्या. या लोकांना फक्त खोकी उघडता येतात. गिअर बनवून घेणार. तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, ट्रकच्या ट्रक परत पाठवलेत. हा तर माझ्या हातचा मळ.

४ सप्टेंबर, दुपार
ड्रॉइंग तयार. मोठा कागद, तीन रंग. व्यास, जाडी, भोक, सगळं तीनदा मोजलं. दात एकवीस. कोपऱ्यात सही. बायको शेजारी बसून हाताने शिवत होती. सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण दाखवायला जायचं नाव नाही. हट्टी बाई.

५ सप्टेंबर
कोपऱ्यावरच्या टर्नरकडे गेलो. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, भिंतीवर कॅलेंडर मागच्या वर्षीचं. ड्रॉइंग बघून म्हणतो, "साहेब, एकवीस म्हणजे तुटलेले धरून?"
तिथल्या तिथे सुनावलं. "मी आहे तेच मोजतो. नसलेलं मोजायची मला सवय नाही."
मग तुटका पीस मागायला लागला. नमुना दिला की हे लोक नक्कल मारतात. ड्रॉइंग वाचायला शिकू दे. घरी येऊन तुटका गिअर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

६ सप्टेंबर
बायको दोऱ्याचं रीळ आणायला गेली. एका रिळाला दीड तास. वेळेचं नियोजन शून्य.

९ सप्टेंबर
पुन्हा रीळ. दोऱ्याचा व्यापार करते की काय.

१० सप्टेंबर
गिअर आला. बसवला. पाव फेरा फिरून अडकला. दात जाडे. कारागिरी भिकार, अपेक्षेप्रमाणे. लाल शाईने 'रिजेक्ट' लिहून परत नेला. टर्नरने एकेक माप ड्रॉइंगशी ताडून दाखवलं, केसभरही फरक नाही. म्हणजे लबाडीतही तरबेज. दुसरा बनवून देतो म्हणाला. निघताना वर सल्ला, "साहेब, एकदा घरी विचारा."
घरी काय विचारायचं? घरात मशीनमधलं कळणारा मीच.

१४ सप्टेंबर
दुसरा गिअर. तसाच अडकला.
मुलीचा फोन. मशीन झालं का? सांगितलं, अंतिम टप्प्यात आहे. म्हणाली, बाबा, आम्ही कपडे विकत आणू का? फोन बायकोकडे दिला. विकत आणणार म्हणे. रिटायर झाल्यापासून या घरात मला कोणी काम सांगत नाही. हेही कोणी सांगितलं नव्हतं. पण ते माझं आहे आणि मीच करणार.

१६ सप्टेंबर
छडा लागला. दोष मोठ्या गिअरमध्ये आहे. चाळीस वर्षं चुकीचा गिअर फिरत होता आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. त्याचे दात घासून माझ्या मापात आणणार. कानस टेकवली तोच बायको आली, कानस काढून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. विज्ञानाचं शिक्षण नसलं की असं होतं.

१९ सप्टेंबर, सकाळी ७
काल संध्याकाळी मुलगी बाळंत झाली. दहा दिवस आधी. नात. दोघी बऱ्या आहेत.
आज मशीनच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन बघतो तर बायको शिवते आहे. आत नवाकोरा लहान गिअर. तिला थांबायला सांगून दात मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीस.
मान वर न करता तिने सांगितलं. तुटका गिअर तिने डब्यातून काढून सहा तारखेला टर्नरला दिला होता. नऊ तारखेला नवा मिळाला. तेव्हापासून बटणांच्या डब्यात होता.
मी विचारलं, मग बसवला का नाही?
"तुमचं चाललं होतं ना. मी थांबले असते हो. बाळ नाही थांबलं."
दहा दिवस डब्यात गिअर ठेवून ती हाताने शिवत होती. माझ्या शेजारी बसून.

सकाळी ८
बायकोने माझं ड्रॉइंग उलटं करून टेबलावर पसरलं. मागची बाजू कोरी आहे. म्हणाली, नुसते बसू नका, झबलं कापायला कागदावर आकार काढून द्या. काढला. तिने टेप लावली. गळ्यातून बाळाचं डोकं जाणार नाही म्हणाली, आणि खोडरबर पुढे केला.
पुन्हा काढतो आहे.